अनोळखी जुना बेस घेताना: मोहननगरचा जपानी की सक्करदऱ्याचा कलकत्तेवाला?

भाच्याला बेस गिटार शिकायचीय, म्हणजे आमच्या भाषेत बेस. खिशात अठरा हजार, आणि एकाच आठवड्यात दोन जुने बेस समोर आले. पहिला नागपूरच्या मोहननगरात, एका घरी माळ्यावर चादरीत गुंडाळलेला. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावर, नावाची पट्टी नाही, पट्टीच्या स्क्रूंची दोन भोकं तेवढी उरलीत. दुसरा सक्करदऱ्याला एका ऑर्केस्ट्रावाल्याकडे, गणपती आणि भीमजयंतीचे कैक सीझन वाजलेला, कलकत्त्याच्या बनावटीचा, वरून घरीच ब्रशने मारलेला काळा रंग. पहिल्याचे चौदा हजार सांगितले, दुसऱ्याचे पाच. नवा घ्यायचा तर नामांकित कंपनीचा सगळ्यात खालचा बेस वीस हजारांच्या आगेमागे पडतो.

ज्याला सांगावं तो आधी विचारतो, "कोणत्या कंपनीचा आहे?" कंपनी नंतरही शोधता येते, घरी बसून, महिनाभर. नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, मात्र घेण्याआधीच पाहावा लागतो.

दोन्ही बेस आम्ही ओळखीच्या सुतारमामांकडे नेले. त्यांना गिटारमधलं काही कळत नाही, लाकडातलं सगळं कळतं. सक्करदऱ्याचा बेस त्यांनी डोळ्यासमोर आडवा धरला, एक डोळा मिटून नटाकडून (हेडस्टॉकजवळची, तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजकडे (धडावरचा तारांचा आधार) पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, हा वाकला नाही, पिळला आहे." या बेसचा सगळा निकाल एवढ्यातच लागला. नेकच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. तारांच्या ओढीने नेक धनुष्यासारखा पुढे वाकला तर टोकाची नटकी पाव-पाव फेरा फिरवून तो सरळ करता येतो. पण एक बाजू वर आणि दुसरी खाली असा पीळ पडला, तर सळई काही करू शकत नाही. गंमत अशी की या बेसची नटकी लोण्यासारखी फिरत होती.

मोहननगरच्या बेसचं उलटं. मागच्या पत्र्यावर इंग्रजीत 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक' आणि 'मेड इन जपान' एवढंच कोरलेलं. पहिले शब्द वाचून पुष्कळ जण खूश होतात, पण त्यांचा अर्थ आत पोलाद आहे इतकाच, ते फिरवता येतं असं नव्हे. यात दोन्ही टोकांना नटकी नव्हतीच. पुढे हा नेक वाकला तर फिरवायला काही नाही. पण पहिला आणि शेवटचा फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) दाबून तार ताणल्यावर सातव्या फ्रेटपाशी फट जेमतेम व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी होती. बेस नागपूरचे चाळीसेक उन्हाळे काढून आलाय. मला तेवढी खात्री पुरली.

उन्हाळ्यावरून आठवलं, जुना बेस पाहायचाच असेल तर मे महिन्यात पाहावा. बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, घरात कूलरची ओल, आणि जुलै लागला की पुन्हा उलटा खेळ. कोरड्या हवेत फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली नेकची दर्शनी फळी) आक्रसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहाताला बोचतात. नवा बेस पहिल्याच उन्हाळ्यात हा त्रास देऊ शकतो. जुन्याचं लाकूड आक्रसायचं तेवढं बहुधा आक्रसून झालेलं असतं. नेकच्या कडेवरून अंगठा फिरवा, लगेच कळतं.

मग टेप काढा. नटापासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा, तेच स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी. मोहननगरचा पंधरा इंच, म्हणजे 30 इंचांचा शॉर्ट स्केल. सक्करदऱ्याचा सतरा, म्हणजे 34, अमेरिकी गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हापासून चालत आलेलं माप. हा फरक साधा नाही. तीच तार त्याच सुरात लावली तर 30 इंचांवर ताण सुमारे बावीस टक्क्यांनी कमी होतो. बोटांना सोपं, आणि नटकी नसलेल्या नेकलाही आराम. उलट लाँग स्केलचा सेट कुठल्याही दुकानात मिळतो, शॉर्ट स्केलचा मागवावा लागतो. लांब सेट कापून बसवू नका. जाड गुंडाळणीचा भाग खुंटीवर वळतो आणि तार तिथेच तुटते किंवा सैल पडते.

आता नावाचं. साठ-सत्तरच्या दशकात जपानातले मोजके कारखाने परदेशी दुकानदारांसाठी एकच साचा वेगवेगळ्या पट्ट्या लावून पाठवत. नागानो प्रांतातलं मात्सुमोतो हे त्यातलं मोठं केंद्र. फुजिगेन तिथलीच, 1960 ची. मात्सुमोकुही तिथलीच, ती 1987 मध्ये बंद झाली. त्यामुळे पट्टी हरवली म्हणून फारसं बिघडत नाही. ब्रिजचा आकार, पिकअपचं (तारेचा कंप विजेत बदलणारी कॉइल) झाकण, खुंट्यांची पानं, हेडस्टॉकची कड यांचे फोटो जुन्या कॅटलॉगांशी ताडून पाहायचे. तारा सैल करून नेकचे चार स्क्रू काढले तर कधी नेकच्या टाचेवर किंवा तो बसतो त्या खोबणीत शिक्का नाहीतर पेन्सिलीची तारीख सापडते. आम्हाला फक्त एक आकडा मिळाला आणि कोणाच्या तरी अंगठ्याचा निळा ठसा. स्क्रूच्या फुलीशेजारी बारीक ठिपका असेल तर तो जपानी मापाचा असतो. आपला नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यात घसरतो आणि फुली खाऊन टाकतो, एक मी खाल्लीच. अमेरिकी बेसमध्ये पॉटच्या (आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालचा भाग) पाठीवरचा आकडाही बोलतो: 137 ने सुरुवात म्हणजे सीटीएस कंपनी, पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा. पण तो वय पॉटचं सांगतो. बेस त्याच्या आधीचा नाही, इतकंच. कलकत्तेवाल्यात असलं काही नव्हतं, सगळे पॉट कधीतरी बदललेले.

खरी मजा पिकअपमध्ये आली. जपानीचे दोन पिकअप. एकाने मल्टिमीटरवर साडेसहा किलोओहम दाखवले, दुसऱ्याने काहीच नाही. मालक म्हणाले, "तो गेला, हजार कमी द्या." मी इतवारीत कूलरच्या मोटारी भरणाऱ्याकडे गेलो. पिकअपची तार 42 गेजची, उघडी जाडी 0.063 मिलिमीटर. तो हसला. त्याच्याकडची सगळ्यात बारीक तारही याच्यापुढे दोरखंड. पण त्यानेच भिंग लावून दाखवलं की कॉइल शाबूत आहे, बाहेरचं टोक सोल्डरपाशी हिरवं पडून तुटलंय. एक वेढा सोडवला, इनॅमल खरवडलं, पंचवीस वॅटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने टाका दिला. सहा पूर्णांक आठ! कॉइल भरून घेण्याआधी दोन्ही टोकं पाहा, बिघाड तिथेच असायची शक्यता मोठी.

तारा, जॅक, दोन पॉट, 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर धरून वर चारेक हजार गेले. म्हणजे तेरा अधिक चार, नव्या बेसच्या जवळपास आलोच. पैसे वाचतील या आशेने जुना घेऊ नका. दर आठवड्याला स्टेज असेल तर नवाच घ्या. वॉरंटी, सुटे भाग, सरळ हिशोब. हातात पेचकस घ्यायची खाज असेल तर जपानी. सुतारमामा म्हणतात तसं त्याला मेलामाइन पॉलिश मारून चकाचक मात्र करू नका. पिकअपखालच्या खोबणीत प्लायचे थर दिसतात, त्याने लाजायचं कारण नाही, पण जुना रंग एकदा घासला की परत येत नाही.

जपानी घरी आला. सक्करदऱ्याचा अजून तिथेच आहे, आता चार हजारांवर उतरलाय. तुम्हाला तो हवा असेल तर नेक बदलायच्या तयारीने जा. आधी नेकच्या खोबणीची रुंदी मोजा. 63 मिलिमीटरच्या आसपास असेल तर फेंडरच्या मापाचा तयार नेक बसण्याची आशा आहे. मग नव्या नेकचा बारावा फ्रेट ब्रिजपासून सतरा इंचांवर येतो का, ते पाहा. येत नसेल तर ब्रिज सरकवावा लागेल, आणि त्या काळ्या रंगाखाली जुनी भोकं किती आहेत ते मालकालाही ठाऊक नाही.