पोलीस की गावचे पंच?

पोलिसांशिवाय समाज चालेल का, यावर पंचवटीतल्या टपरीवर एका कटिंगमध्ये निकाल लागतो. दिंडोरीकडच्या मामांच्या गावात मला अर्धंच उत्तर मिळालं.

बागेच्या कडेला शेजाऱ्याने नांगर हातभर आत घातला होता. पोलीस ठाण्यात गेलो असतो तर अदखलपात्र नोंद आणि वर 'कोर्टात जा'. त्याऐवजी गावातली भांडणं गावातच मिटवणारी तंटामुक्ती समिती बसली. तंटामुक्तीची ही मोहीम राज्य सरकारने २००७ साली सुरू केलेली. चार जाणती माणसं बांधावर आली, दोरी धरली, खुणेचा दगड पुन्हा रोवला. संध्याकाळी दोघे भांडखोर एकाच ओट्यावर चहा पीत होते. हे खाकी वर्दीला जमत नाही.

पण पंच कोण? त्यातले दोघे मामांचेच भाऊबंद! नवऱ्याचा मार खाणारी बाई तिथे गेली तर 'घरातलं घरात मिटव' हेच ऐकणार. तिला पोलिसांचा ११२ नंबर हवा, आणि गावाशी सोयरीक नसलेला अधिकारी. दरोडा, खून यांत तर तडजोड नसतेच.

नाशिकच्या कुंभमेळ्याची गर्दी पंचांच्या आवाक्याबाहेरची. अर्थात २००३ मध्ये बंदोबस्त असूनही चेंगराचेंगरीत ३९ जण गेले.

माझं मत: बांधासाठी पंच, मारहाणीसाठी पोलीस. मधला दुवा पोलीस पाटील, गावचाच रहिवासी पण सरकारने नेमलेला. मामांच्या बांधावर दोरीचं दुसरं टोक पोलीस पाटलांच्याच हातात होतं.