रात्री साडेबाराला मागवलेला ड्रायव्हर: साडेतीन तारे

मित्राच्या पन्नाशीची पार्टी कोरेगाव पार्कात होती. "दोनच तर पेग घेतलेत" असं मी म्हणालो आणि बायकोने गाडीची किल्ली सरळ पर्समध्ये टाकली. मग ॲपवरून तासावर ड्रायव्हर मागवला.

पंधरा मिनिटं सांगितली, लागली चाळीस. एक तारा तिथेच कापला. पण आलेला माणूस झकास! सीट पुढे ओढली, आरसे लावले, क्लच दोनदा दाबून बघितला आणि म्हणाला, "साहेब, क्लच फार वर लागतोय, प्लेट दाखवून घ्या." माझा गॅरेजवाला सहा महिन्यांत हे बोलला नाही.

संगम पुलाजवळ नाकाबंदी. त्याने यंत्रात फुंकर मारली, शून्य. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. माझे 'दोनच' त्यात बसले असते का, देव जाणे.

दारूचं सोडा, मी पहाटे साडेपाचला उठलेलो. डेक्कन यायच्या आत मागे तोंड उघडं टाकून घोरत होतो, म्हणे.

अर्धा तारा बिलासाठी कापला: रात्रीचा जादा आकार बुकिंग करताना दिसतच नाही. आणि ड्रायव्हरच्या परतीची सोय कंपनी करत नाही. दीड वाजता तो कोथरूडहून चालतच निघाला. शंभराची नोट आधी घेईना, मग घेतली.