२० यार्डांवर सगळं ठीकच दिसतं

क्रॉसबोला (बंदुकीसारखा दस्ता आणि घोडा असलेल्या आडव्या धनुष्याला) नवा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बसवून देताना होणारी फसवणूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी लपलेली असते. विकणारा २० यार्डांवर तीन बाण मारून दाखवतो, तिन्ही मुठीएवढ्या जागेत बसतात आणि घेणारा खुशीत पैसे मोजतो. पण एवढ्या अंतरावर अगदी टाकाऊ स्कोपही झिरो होतो, म्हणजे जिथे नेम तिथेच बाण लागतो. खोट उघडी पडते ४० यार्डांवर, आणि तोवर धनुष्यासोबत आलेला जुना, चांगला स्कोप ‘एक्स्चेंज’मध्ये गेलेला असतो.

हा माल म्हणजे सहसा एअरगनचा स्वस्त स्कोप. आत चार-पाच आडव्या रेषांचं रेटिकल (नेम धरायची खूण, प्रत्येक रेषा एकेका अंतरासाठी) टाकलेलं असतं आणि मागच्या कड्यावर २५० ते ४२५ असे बाणाच्या वेगाचे (फूट प्रति सेकंद) आकडे छापलेले असतात. खऱ्या स्कोपमध्ये हे कडं म्हणजे झूमचंच कडं. बाण वेगवान असेल तर कमी पडतो, म्हणून दोन रेषांमध्ये लक्ष्यावरचे इंचही कमी यायला हवेत. कडं मोठ्या आकड्याकडे नेलं की झूम वाढतो आणि नेमकं तेच घडतं. नकली मालात कडं छान टकटक आवाज करत फिरतं, पण रेषांच्या हिशेबात काही बदलत नाही. फार तर फोकस हलतो.

हे तपासायला बाण मारावा लागत नाही, स्कोप धनुष्यावर चढवावाही लागत नाही. २० यार्डांवर इंचांच्या ठळक खुणा केलेली पट्टी उभी लावा, स्कोप वाळूच्या पिशवीवर ठेवा. कडं सर्वांत लहान आकड्यावर असताना पहिल्या आणि शेवटच्या रेषेत किती इंच येतात ते लिहून घ्या, मग सर्वांत मोठ्या आकड्यावर पुन्हा मोजा. आकडा बदलला नाही तर स्कोप तिथेच परत करा.

या कड्याला एवढं महत्त्व का? स्कोप बाणाच्या अडीच इंच वर आहे आणि झिरो २० यार्डांवर आहे असं धरा. हवेचा अडथळा सोडून नुसत्या गुरुत्वाचा हिशेब केला तर ३५० फूट प्रति सेकंद वेगाचा बाण ४० यार्डांवर नेमाच्या सुमारे ९ इंच खाली लागतो, ३०० चा सुमारे १३ इंच. चार इंचांची ही चूक २० यार्डांवर दिसतच नाही. शिवाय खोक्यावर छापलेला वेग बऱ्याचदा हलक्या बाणावर मोजलेला असतो. जड बाण आणि बाणाच्या टोकाला जड पातं लावलं की वेग उतरतो, म्हणून ‘कडं खोक्यावरच्या आकड्यावर ठेवा, झालं काम’ हा सल्ला अस्सल स्कोपलाही लागू नाही. आधी वरच्या रेषेने २० वर झिरो करायचा, मग ४० च्या रेषेने ४० वर मारायचं. बाण वर लागला तर कडं मोठ्या आकड्याकडे, खाली लागला तर लहान आकड्याकडे. मग २० चा झिरो पुन्हा बघायचा, कारण झूम बदलताना तो थोडा सरकू शकतो.

‘लेझरने झिरो करून दिलाय’ या वाक्याचे वेगळे पैसे घेतले जातात. क्रॉसबोला बंदुकीसारखी नळीच नाही! लेझर फार तर बाणाच्या खाचेची दिशा दाखवतो. बाण किती पडेल हे त्याला काय ठाऊक? खरा झिरो तुमच्या बाणांनी, तुमचा गाल जिथे टेकतो तिथूनच होतो. टरेट म्हणजे नेम सरकवायची स्कोपवरची फिरती बटणं, त्यांचा एक टप्पा म्हणजे एक क्लिक, आणि एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. पाव एमओएच्या टरेटला २० यार्डांवर एक इंच सरकायला सुमारे २० क्लिक लागतात, अर्ध्या एमओएच्या टरेटला १०. बाण दोन इंच खाली लागतोय आणि दुकानदार चार क्लिक देऊन ‘झालं’ म्हणतोय, तर समजून घ्या. आणि प्रत्येक बाणाला वेगळा ठिपका ठेवा, नाहीतर चांगल्या ग्रुपची (एकमेकांजवळ बसलेल्या बाणांची) किंमत फुटलेल्या बाणांत मोजावी लागते.

बसवण्यातली चलाखी रिंगांत, म्हणजे स्कोपची नळी धरणाऱ्या पकडींत असते. रेल म्हणजे या रिंगा बसतात ती खाचांची पट्टी. पिकाटिनी प्रकारच्या रेलची खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, वीव्हर प्रकारची त्याहून अरुंद. वीव्हरच्या रिंगा पिकाटिनीवर चढतात, पण आडवा स्क्रू खाचेच्या भिंतीला नीट टेकवला नाही तर हळूहळू घसरतात. स्कोपची २५.४ मिलिमीटरची नळी ३० च्या रिंगेत टेप गुंडाळून बसवलेली असेल तर पैसे देऊच नका. रिंगेचे स्क्रू आलटून-पालटून, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत आवळायचे. उत्पादकाने वेगळं सांगितलं नसेल तर १५ ते १८ इंच-पाउंड (आवळण्याच्या जोराचं माप) पुरे. जास्त आवळलं की नळी दबते आणि टरेट अडखळतात. रेटिकल तिरकं बसलं तर २० वर कळणार नाही, पण खालच्या रेषा बाजूला गेलेल्या असतील. हे सगळं दोरी ताणलेली नसताना, बाण काढूनच करायचं.

क्रॉसबोची दोरी थांबते तेव्हा धनुष्याला पुढे हिसका बसतो. फक्त मागच्या धक्क्याचा विचार करून बनवलेला स्वस्त स्कोप यातच सैल पडतो. आधी झिरो भटकतो, मग रेटिकल फिरतं. म्हणून तीसेक बाण मारल्यावर चौकोनाची चाचणी घ्या: एकाच ठिपक्यावर नेम धरून आधी एक बाण, मग ४० क्लिक वर, ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे. प्रत्येक टप्प्यावर एक बाण मारून तो काढून घ्यायचा. शेवटचा बाण सुरुवातीच्या भोकाशी परत आला नाही तर टरेट खोटे.

या टप्प्यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘धनुष्याची दोरी गेलीय, ती बदला.’ म्हणजे दुसरं बिल. इथे जुना स्कोप हाताशी हवा. तो परत चढवून झिरो करा. ग्रुप जमला आणि टिकला तर दोरी निर्दोष आहे. एक्स्चेंजमध्ये तो देऊन टाकला की हा पुरावाच हातातून जातो, आणि विकणाऱ्याला तेच हवं असतं.

‘नवा’ म्हणून वापरलेला स्कोपही येतो. नळीवर रिंगांचे फिकट पट्टे, घासलेली स्क्रूंची डोकी, एका टोकाला जाऊन अडकलेला टरेट या त्याच्या खुणा. पट्टे तुमच्या बसवण्यानेही उमटतात आणि ‘वापरलेला माल परत घेत नाही’ हे कारण तयारच असतं. तेव्हा रिंगा चढवण्याआधी नळीचे चारही बाजूंनी फोटो काढा आणि बिलावर मॉडेलसोबत ‘क्रॉसबोसाठी, वेगाचं कडं चालू’ असं लिहून घ्या. अस्सल माल विकणारा हे लिहायला कां-कूं करत नाही.