दिवाळीत आडगावी मुक्काम ठरवताय? पैसे पाठवण्याआधी हे वाचा

गेल्या दिवाळीत गुहागर तालुक्यातल्या एका घरगुती मुक्कामाच्या बुकिंगमध्ये आमचे सोळा हजार रुपये गेले. पैशांपेक्षाही जास्त जिवाला लागलं ते वेगळंच. दिवस मावळल्यावर सासू-सासरे आणि दोन मुलांना घेऊन आम्ही एका अनोळखी गावात, दुसऱ्याच्या अंगणात, राहायला जागा नाही म्हणून उभे होतो. हे सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण ज्या पद्धतीने आम्हाला फसवलं ती पद्धत गर्दी टाळून आडबाजूच्या गावी जाणाऱ्या कुटुंबांसाठीच बेतलेली आहे. सणाच्या सुट्ट्या आल्या की पुन्हा कोणीतरी यात सापडणार.

बेत साधा होता. भाऊबीज आटोपली की पुण्याहून गाडीने निघायचं, ताम्हिणीतून माणगाव, तिथून मंडणगडकडून केळशी. अलिबाग, महाबळेश्वर, गणपतीपुळे ही नावं घरात काढायचीच नाहीत असं ठरलं होतं, कारण दिवाळीत तिथे पार्किंगलाच तास जातो. केळशीची महालक्ष्मी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णैचा मासळीचा लिलाव, मग दाभोळच्या जेटीवर गाडी बोटीत चढवून खाडीपलीकडे धोपावे. पुढे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, आणि परतीला तवसाळहून बोटीने जयगड करून आंबा घाटाने घरी. सासऱ्यांना हेदवीचा दशभुजा गणेश पाहायचा होता, मुलांना बामणघळीत भरतीचं पाणी कसं उसळतं ते. केळशीचा मुक्काम ओळखीतून ठरला आणि उत्तम झाला. गडबड झाली ती हेदवीच्या जवळपासच्या मुक्कामात.

ते घर आम्हाला मोबाईलच्या नकाशावर सापडलं. नाव होतं, फोटो होते, चार-पाच जणांनी मनापासून लिहिलेले बरे अभिप्राय होते आणि फोन नंबर होता. घर खरं, अभिप्राय खरे, फोटो खरे. फक्त नंबर खोटा होता. नकाशावरच्या जागेच्या माहितीत बदल सुचवायची सोय कोणालाही असते, आणि ज्या मालकाने आपली जागा तिथे स्वतःच्या नावावर करून घेतलेली नसते, त्याच्या जागेचा नंबर कोणी बदलला तर त्याला पत्ताही लागत नाही. शहरातल्या मोठ्या हॉटेलात ते बघायला माणूस असतो. समुद्राकाठच्या वाडीत दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या बाईंना अशी काही भानगड असते हेच ठाऊक नसतं.

फोनवरचा माणूस तिकडच्याच हेलात बोलत होता. पहिल्याच फोनमध्ये त्याने विचारलं, "ताई, सोबत म्हातारी माणसं आहेत का? मग तुम्हाला खालच्या दोन खोल्या देतो, वरच्यांचा जिना अरुंद आहे." जेवायला शाकाहारी किती, मासे खाणारे किती, मुलांना तिखट चालतं का, सगळं विचारलं. दोन खोल्या, दोन रात्री, चहा-नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण धरून सोळा हजार. हा भाव दिवाळीतल्या कोकणाच्या मानाने स्वस्तही नव्हता आणि अव्वाच्या सव्वाही नव्हता. "फार स्वस्त मिळालं तर सावध व्हा" असं सगळे सांगतात, पण आता असली माणसं बाजारभाव बघूनच बोलतात. स्वस्ताईची खूण शोधत बसलात तर ती सापडणारच नाही.

अर्धे पैसे आगाऊ मागितले. यूपीआयवर पैसे पाठवताना समोर बँकेत नोंदलेलं नाव आलं ते भलतंच होतं, घरमालकांच्या आडनावाशी काहीच संबंध नसलेलं. माझ्या नवऱ्याने तिथेच थांबून फोन केला. फोनवरचा माणूस म्हणाला, "दादा, तो माझा भाचा, मुंबईला असतो. इथे गावात रेंज नसते, बँक गुहागरला, म्हणून ऑनलाइनचं सगळं तोच बघतो." आता कोकण ज्याला माहीत आहे त्याला यात खटकण्यासारखं काय वाटणार? घराघरातलं कोणीतरी मुंबईला असतं, गावाकडचे व्यवहार तोच बघतो, आणि रेंजची बोंब खरीच असते.

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हेच. नावाजलेल्या ठिकाणी जी गोष्ट ऐकून आपण चटकन सावध होऊ, ती आडगावात नेहमीची असते. वेबसाइट नाही, पावती नाही, खातं नातेवाइकाचं, फोन कधी लागतो कधी नाही, फोटो मोजके, अभिप्राय कमी. प्रामाणिक घरमालकाचीही हीच परिस्थिती असते आणि लबाड माणूस त्याचाच आडोसा घेतो. वर सणाची घाई. "एकच घर उरलंय ताई, ठाण्याचं एक कुटुंब विचारतंय, संध्याकाळपर्यंत धरून ठेवतो" हे वाक्य एरवी जूनमध्ये कोणी बोललं तर आपण हसून सोडून देऊ. दिवाळीत ते खरंही असू शकतं, म्हणून लागू पडतं.

धनत्रयोदशीच्या सुमारास त्याचा पुन्हा फोन आला. सणात लोक ऐनवेळी येत नाहीत, किराणा आणि मासळी वाया जाते, म्हणून यंदा सगळ्यांकडून पूर्ण रक्कम घेतोय, शिवाय तुमच्याकडून मुलांच्या जेवणाचे पैसे लावत नाही. उरलेले आठ हजारही गेले.

आणि तो गायब झाला नाही. मला वाटायचं, फसवणारा पैसे हातात पडले की फोन बंद करतो. आम्ही दाभोळच्या जेटीवर रांगेत असतानासुद्धा त्याने फोन उचलला. "गर्दी आहे ना जेटीवर? सावकाश या, सोलकढी करून ठेवायला सांगतो." नंतर सायबर पोलिसांशी बोलताना याचं कारण कळलं. जोवर आपला विश्वास शाबूत असतो तोवर आपण तक्रार करत नाही, आणि तेवढ्या वेळात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातात. शेवटी कोणीतरी ते एटीएममधून काढून घेतं. त्याची ती आपुलकी म्हणजे आम्हाला तक्रारीपासून लांब ठेवायची सोय होती.

संध्याकाळी गुहागर सोडल्यावर नंबर बंद झाला. नकाशा धरून आम्ही बरोब्बर त्या घरापाशी पोहोचलो. फोटोत दिसलेलंच घर, तीच जांभ्या चिऱ्याची भिंत, तेच तुळशीवृंदावन, अंगणात पुण्या-मुंबईच्या गाड्या लागलेल्या. घरमालकीण काकू बाहेर आल्या, त्यांनी नाव विचारलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आतून त्या एक लांबट वही घेऊन आल्या. शाळेच्या हजेरीपटासारख्या रेघा मारून त्यात तारीख, नाव, गाव, माणसं, आलेली रक्कम असं सगळं सुवाच्य लिहिलेलं. आमच्या तारखेला दोन्ही खोल्यांपुढे दुसरीच नावं होती, आणि ती माणसं आत जेवत होती. फाटकाच्या खांबावर तेलरंगाने त्यांचा नंबर लिहिलेला होता. नवऱ्याने मोबाईल त्याच्याशेजारी धरला. दहातला एक आकडा जुळत नव्हता असं नव्हे, पूर्ण नंबरच वेगळा. गणपतीपासून अशी फसलेली माणसं दारात येतायत, काही जण आमच्याच अंगावर ओरडून गेले, असं सांगताना काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. या प्रकारात त्यांचंही नाव बुडतंय हे विसरून चालणार नाही. अशा वेळी दारातल्या माणसावर आवाज चढवू नका.

त्यांनी सासूबाईंना आत बसवलं, मुलांना गरम भात वाढला आणि शेजारच्या वाडीत फोन करून एका घरात आमची झोपायची सोय लावली. त्या घराचं नाव कुठल्याच नकाशावर नव्हतं.

आता काय करता येईल ते सांगते. एक उपाय मला स्वतःला सगळ्यात खात्रीचा वाटतो. गावाविषयी गावालाच विचारा, आणि निघायच्या आधी विचारा. त्याच गावातल्या दुसऱ्या एखाद्या घरगुती मुक्कामाला, खानावळीला किंवा देवस्थानच्या भक्तनिवासाला फोन लावा आणि सरळ म्हणा, "अमक्यांचा नंबर हाच आहे ना?" लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात. काकूंकडे जमलेल्यांपैकी प्रत्येकाला त्यांचा खरा नंबर माहीत होता. आमच्या एका फोनने हे उघड झालं असतं. ग्रामपंचायतीतही विचारता येतं, पण दिवाळीच्या सुट्टीत तिथे कोणी भेटेलच असं नाही, म्हणून हे काम सुट्ट्या लागायच्या आधी उरकावं.

दुसरं, व्हिडिओ कॉल. साठवलेला व्हिडिओ चालणार नाही, समोरासमोरचा कॉल हवा, आणि त्यात फाटकावरची पाटी, अंगण, खोली दाखवायला सांगायचं. रेंज नाही म्हणाला तर "जिथे रेंज येते तिथे गेलात की करा, आम्ही थांबतो" म्हणावं. खऱ्या माणसाला यात राग येण्यासारखं काही नसतं. रस्त्याची माहिती विचारून परीक्षा घेण्याचा फारसा उपयोग नाही, आमच्या माणसाने जेटीपासूनची सगळी वळणं अचूक सांगितली होती, नकाशा त्याच्याही समोर होताच. त्यापेक्षा मुद्दाम नसलेली खूण सांगून बघा. "गावातल्या पेट्रोल पंपापाशी येऊन फोन करतो" म्हटल्यावर गावचा माणूस लगेच म्हणेल, इथे कुठला पंप? नुसता "हो हो, या" म्हणणारा तिथला नाही.

महाराष्ट्रात घरगुती मुक्कामांसाठी पर्यटन संचालनालयाची निवास व न्याहारी योजना आहे, त्यात नोंदणी झालेल्यांकडे प्रमाणपत्र असतं. ते मागून बघायला हरकत नाही, पण नोंदणी नसलेली चांगली घरंही पुष्कळ आहेत, तेव्हा केवळ कागद नाही म्हणून कोणाला खोटं ठरवू नका. ज्यांना या तपासणीचा व्याप नको असेल त्यांनी त्या पट्ट्यात वेळणेश्वरला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, तिथे महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरून बुकिंग करावं. दिवाळीचं मात्र फार आधी भरतं.

पैशांच्या बाबतीत, पूर्ण रक्कम आधी मागणाऱ्याला नाही म्हणा. काकूंची वही पाहिली तेव्हा कोणाचे दोन हजार आलेले, कोणाचे तीन, बाकी सगळं निघताना. पैसे पाठवताना पडद्यावर येणारं नाव वाचा आणि ते वेगळं असेल तर वर सांगितलेली खातरजमा झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. "रद्द केलंत तर परतावा देतो, हा क्यूआर स्कॅन करा" असं कोणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याकडूनच जातात.

हा प्रकार फक्त कोकणातला नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने भाविक आणि पर्यटकांसाठी याच विषयावर इशारा दिला होता. केदारनाथची हेलिकॉप्टर तिकिटं, चारधामच्या यात्रेकरूंसाठी अतिथिगृहं, टॅक्सी, सहलीची पॅकेजेस अशा नावांनी खोटी संकेतस्थळं आणि जाहिराती चालतात असं त्यात म्हटलं होतं.

आणि फसवणूक झालीच, तर आधी त्या माणसाला शिव्या द्यायला जाऊ नका. तो संदेश "सगळ्यांसाठी डिलीट" करतो, आमच्याकडचे निम्मे असेच गेले. सगळ्या गप्पांचे, नंबरचे, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट काढा, व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक लिहून घ्या आणि लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा. उद्या घरी गेल्यावर बघू असं म्हणू नका. तिथे आमच्या फोनला रेंज नव्हती, म्हणून काकूंच्या मुलाच्या फोनवरून तक्रार दिली. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर कागदपत्रं चढवली आणि बँकेलाही लेखी कळवलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने काकूंच्या मुलाला सोबत घेऊन नकाशावरचा नंबर दुरुस्त करायला घातला आणि ती जागा काकूंच्या नावावर करून घेण्याची प्रक्रिया सुरू करून दिली. ज्यांचं गावाकडे असं घर आहे, आई-वडील पाहुणे ठेवतात, त्यांनी दर सणाआधी नकाशावरचा आपला नंबर स्वतः तपासावा. पाच मिनिटांचं काम आहे.

आमच्या पहिल्या आठ हजारांचा माग पुढे एटीएमपर्यंत जाऊन संपला. दुसऱ्या हप्त्यातली काही रक्कम एका खात्यात गोठवली गेली आहे. ती परत मिळावी म्हणून अर्ज केला आहे, त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागेल असं तेव्हा आम्हाला सांगितलं होतं. त्याच खात्यावर आणखी तक्रारी आल्या तर तपासाला जोर येतो असंही पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. त्या पट्ट्यात दिवाळीत तुमचेही पैसे असेच गेले असतील, तर रक्कम लहान आहे म्हणून सोडू नका, तक्रार नोंदवा.