एडीएचडीच्या तपासणीचं पॅकेज: पैसे नेमके कशाचे द्यायचे?

पुण्यात मुलांची एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न लागणं, अतिचंचलता आणि उतावीळपणा यांच्या विकारासाठी, तपासणी करणारी केंद्रं आता कोथरूडपासून हडपसरपर्यंत सापडतात आणि पॅकेजचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. पालकांची मुलाखत, बुद्ध्यांक चाचणी, संगणकावरची अवधान चाचणी, मग जाडजूड रिपोर्ट. हे परीक्षण त्या साच्याचं आहे, कुठल्या एका केंद्राचं नाही.

पॅकेजमधली सर्वांत मोलाची गोष्ट सर्वांत साधी दिसते, ती म्हणजे मुलाखत. ती वीस मिनिटांत उरकली तर तिथेच शंका घ्यावी. बाळंतपण वेळेआधी झालं का, जन्मवजन किती होतं, मूल कधी बोलायला लागलं, रात्री घोरतं का, तोंडाने श्वास घेतं का, मध्येच काही सेकंद शून्यात बघत राहतं का, हे सगळं विचारलं जायला हवं. सुजलेले ॲडिनॉइड (नाकामागच्या गाठी), अपुरी झोप, कमी ऐकू येणं, रक्तातलं लोह कमी असणं, फिट्सचा एक सौम्य प्रकार, यांतलं काहीही वर्गात 'लक्ष नसणं' म्हणूनच दिसतं. घराण्याचीही चौकशी व्हावी, कारण एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के मानला जातो. 'याचा बापही असाच होता' हे आजी दिलासा म्हणून सांगते, तपासणाऱ्याने मात्र ते टिपून घ्यायचं असतं. मोबाइल, साखर किंवा आईचे लाड यांमुळे एडीएचडी होत नाही.

साचा लंगडा पडतो तो शाळेच्या बाबतीत. निदानाच्या सध्याच्या निकषांत (डीएसएम-५) लक्ष न लागण्याची ९ आणि अतिचंचलता-उतावीळपणाची ९ लक्षणं आहेत. मुलात यांपैकी एका गटातली किमान ६ हवीत, १७ वर्षं आणि त्यापुढे ५ चालतात. ती निदान सहा महिने टिकलेली, बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली आणि दोन ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेत, अडचण करणारी असावी लागतात. मग शिक्षकांचं म्हणणं न घेता निदान कसं होईल? तरीही कित्येकदा 'शाळेतही असंच करतो का?' एवढं आईला विचारून तो रकाना भरला जातो. एडीएचडीची लक्षणं नोंदवायच्या व्हँडरबिल्ट प्रश्नावलीत पालकांसाठी ५५ आणि शिक्षकांसाठी ४३ प्रश्न आहेत. लक्षणाला २ किंवा ३ गुण पडले तरच ते धरायचं आणि त्याच्या जोडीला अभ्यासात किंवा वागण्यात खरी अडचण नोंदलेली हवी. साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाई कधीकधी एकाच रकान्यावर वरपासून खालपर्यंत गोल करून देतात. असा फॉर्म आला की केंद्राने शाळेत फोन करायला हवा, आणि तो करणार का हे आपण पैसे भरण्याआधी विचारावं. वेळही पाहावी: जूनमध्ये नव्या बाई मुलाला ओळखत नसतात, मे महिन्यात शाळाच नसते. ऑगस्टनंतर गेलेलं बरं. पहिलीतलं मूल वर्गात वयाने सर्वांत लहान असेल, तर ते नुसतं लहान आहे की खरंच चंचल, हेही तपासून घ्यावं.

बुद्ध्यांक चाचणी एडीएचडी ओळखत नाही. अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीचा, संशय असेल तेव्हा तिचा उपयोग, आणि तेव्हा तो मोठा असतो. संगणकावरच्या चाचणीवर आमचा फारसा भरवसा नाही. शांत खोली, नवा खेळ, शेजारी बसलेलं एक माणूस, एवढं मिळालं की एडीएचडी असलेलं मूलही छान निभावून नेतं. मेंदूचा रंगीत नकाशा काढून देणाऱ्या ईईजीचे (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीचे) पैसे वाचवावेत. बोटांच्या ठशांवरून कल सांगणाऱ्या चाचणीला तर शास्त्रीय आधारच नाही.

सही कोणाची आहे हे बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो रिपोर्टवर हवा. औषध मात्र डॉक्टरच लिहू शकतो, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ किंवा बालविकासाचं प्रशिक्षण घेतलेला बालरोगतज्ज्ञ.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण. त्यावरच्या वयात त्याला औषधाची जोड लागू शकते. एडीएचडीवरचं मेथिलफेनिडेट हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या सरकारी यादीत, येतं, म्हणून चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि परवाना नसलेल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही. व्हिडिओ कॉलवर ते लिहून देता येत नाही, त्यामुळे 'सगळं ऑनलाइन' म्हणणारं पॅकेज इथे अडतं. साधी गोळी सुमारे चार तास चालते. सकाळी घेतली की मधल्या सुट्टीपर्यंत असर ओसरतो, म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या प्रकाराबद्दल विचारावं. भूक कमी होते, म्हणून गोळी नाश्त्यानंतर आणि रात्रीचं जेवण पोटभर. संध्याकाळी घेतली तर झोप उडते. सुरू करण्याआधी घरात कुणाला कमी वयात हृदयविकार होता का, हे डॉक्टरांना सांगावं. पुढे दर भेटीत वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब नोंदले जायला हवेत. ॲटोमोक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात. दोन आठवड्यांत 'काही फरक नाही' म्हणून ते बंद करणं ही नेहमीची चूक. त्याची कॅप्सूल फोडून दुधात घालायची नाही, आतली पूड डोळ्यांत गेली तर चुरचुरते.

रिपोर्टच्या शेवटच्या पानावर शाळेसाठी सूचना असतात आणि 'पुढच्या बाकावर बसवावे' हे वाक्य तिथे ठरलेलं. मुलाचं नाव झाकून वाचावं. कुणालाही लागू पडतंय असं वाटलं, तर ते पान परत लिहून मागायचा तुम्हाला हक्क आहे. फळ्यावरचा गृहपाठ उतरवायला पाच मिनिटं जास्त, मोठं गणित दोन टप्प्यांत, तासाच्या मध्ये वह्या वाटायचं काम, असं काहीतरी हवं. हाच रिपोर्ट दहावीच्या सवलतीसाठी चालेल असं सांगितलं जात असेल, तर सावध राहा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं नाव स्वतंत्रपणे नाही, अध्ययन अक्षमतेचं आहे. दोन्ही असतील तर अध्ययन अक्षमतेची वेगळी तपासणी आणि सरकारी प्रमाणपत्र लागतं, आणि त्याची धावपळ नववीतच सुरू करावी लागते.