तोफखान्यात अग्निवीर की टीए? मराठवाड्यातल्या पोरांसाठी

पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर सोळाशे मीटर मारणारी पोरं भेटली की हटकून विचारतात, "काका, टीएची भरती निघालीय, जाऊ का? का अग्निवीरच बघू?" वर्दी दिसायला सारखी, म्हणून दोन्ही नोकऱ्याच वाटतात. अग्निवीर म्हणजे सेनेतली 4 वर्षांची भरती. टीए म्हणजे टेरिटोरियल आर्मी, प्रादेशिक सेना, आणि ती नोकरी नाही. इथेच पोरं फसतात.

आधी तोफेचं. दौलताबादच्या किल्ल्यावर मेंढा तोफेला हात लावून आलेलं पोर तोफखान्याचंच स्वप्न बघतं. टीएत ते आज पुरं होणार नाही. 1949 मध्ये ही सेना उभी राहिली तेव्हा तिच्यात हवाई संरक्षणाच्या आणि किनारी तोफांच्याही तुकड्या होत्या. 1972 पर्यंत त्या मोडल्या किंवा नियमित सेनेत गेल्या. आता मुख्यतः पायदळ आहे. गनर, म्हणजे तोफखान्यातला जवान, व्हायचं तर अग्निवीर म्हणूनच. नाशिक रोडला तोफखान्याचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे.

तोफखान्यातली रीत मला फार भावते. पायदळाच्या पलटणीला निशाण, म्हणजे मानाचा झेंडा, असतो, तोफखान्यात तोफ हेच निशाण. ती शत्रूच्या हाती पडू देणं ही सगळ्यात मोठी नामुष्की. 28 सप्टेंबरला गनर्स डे असतो, कारण 1827 मध्ये त्या दिवशी मुंबईच्या फौजेत ती तोफांची तुकडी उभी राहिली, जी पुढे बॉम्बे माउंटन बॅटरी झाली. आणि कष्ट? 155 मिलिमीटरचा एक गोळा चाळीस किलोच्या वर भरतो. सोयाबीनचे कट्टे ट्रॅक्टरवर चढवलेल्या पोराला हे वजन नवं नाही. पण इथे एकट्याच्या ताकदीवर भागत नाही. नेम लावणारा, गोळा भरणारा, हुकूम देणारा, सगळ्यांचा ताल जुळावा लागतो.

पैशाचं मात्र नीट समजून घ्या. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना 30 हजार, त्यातले हातात 21 हजार. बाकीचे सेवा निधीत, म्हणजे 4 वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या ठेवीत, जातात, सरकारही तेवढेच घालतं. 4 वर्षांनी 25 टक्क्यांपर्यंतच पोरं कायम होतात. बाकीच्यांना पेन्शन नाही.

टीएत वय 18 ते 42. धंदा, शेती, नोकरी सांभाळून वर्षाला साधारण 2 महिने प्रशिक्षण, आणि बोलावलं तर सीमेवर. पगार बोलावलेल्या दिवसांचा. 1962, 1965, 1971 या तिन्ही युद्धांत हे लोक होते, त्यामुळे त्यांना हौशी समजू नका. पण घर त्यावर चालत नाही. आपल्याकडे संभाजीनगरला झाडं लावणारी टीएची इको बटालियन आहे, ती मुख्यतः माजी सैनिकांची.

परवा दोघं भाऊ आले. धाकटा 19 चा, त्याला म्हटलं, अग्निवीरचा फॉर्म भर, तुझी वेळ थोडी आहे. थोरला 31 चा, त्याचं खताचं दुकान आहे. त्याला टीएचे कागद गोळा करायला सांगितले, आणि ते 2 महिने दुकानावर कोण बसणार हे आधी घरात ठरवायला.