लहान गाडी आणि रोजची ये-जा: काही महिन्यांच्या वापरानंतर

कामावर जाण्यायेण्यासाठी गाडी घेताना माझ्या दोन अटी होत्या: ती सांभाळायला स्वस्त पडावी, आणि ती चालवताना कंटाळा येऊ नये. या दोन्ही अटी एका गाडीत बसत नाहीत, मजा हवी तर ताकद हवी आणि ताकद आली की खर्च आला, असे सांगणारे बरेच भेटले. रोजच्या वापरानंतर मी ठामपणे म्हणू शकते की शहरातल्या वेगात जी मजा मिळते ती ताकदीपेक्षा कमी वजनातून मिळते, आणि गाडीचा रोजचा खर्चही बऱ्याच अंशी तेच वजन ठरवते.

गाडीच्या नावापेक्षा तिची घडण सांगणे जास्त उपयोगाचे आहे, कारण अशा गाड्या अनेक कंपन्या बनवतात. चार मीटरहून थोडी कमी लांबी, पाच दारे, साधारण साडेनऊशे किलो वजन, १.२ लिटरचे, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेले चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, नव्वदच्या आसपास हॉर्सपॉवर आणि पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. कागदावर यात डोळे दिपण्यासारखे काही नाही. मात्र ‘हॉट हॅच’ (लहान पण चपळ, वेगवान हॅचबॅक) हा प्रकार ज्या गाडीमुळे रूढ झाला, त्या १९७६ सालच्या फोक्सवॅगनच्या पहिल्या गोल्फ जीटीआयचे आकडे पाहिले तर ११० हॉर्सपॉवर आणि जेमतेम ८१० किलो एवढाच तिचा ऐवज होता. तेवढी ताकद आज साध्या कौटुंबिक गाड्यांतही सहज मिळते. तेवढे कमी वजन मात्र आज मोजक्याच गाड्यांत सापडते.

रोजच्या रस्त्यावर माझा बहुतेक वेळ दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये जातो. त्यामुळे गाडी शंभराचा वेग किती सेकंदांत गाठते, हा आकडा माझ्या दृष्टीने जवळजवळ निरर्थक आहे. गतिरोधकावरून उतरून, दुसऱ्या गिअरमध्ये, साधारण वीसच्या वेगापासून गाडी कशी उचलते हे खरे महत्त्वाचे. इथे हे इंजिन मला मनापासून आवडले. पाय जितका दाबावा तितकेच ते देते, लगेच देते, आणि चार हजार आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) पुढे त्याचा आवाज असा काही मोकळा होतो की पन्नासच्या वेगातही आपण काहीतरी करत आहोत असे वाटते. दुप्पट ताकदीच्या गाडीत हाच आनंद घ्यायचा तर वेग कायद्याच्या कितीतरी पलीकडे न्यावा लागेल.

खरेदीआधी एक लिटरच्या, तीन सिलिंडरच्या टर्बो गाड्याही चालवून पाहिल्या. साधारण अठराशे आरपीएमनंतर त्या झपकन निघतात, यात वाद नाही. पण गर्दीत आपण नेमके त्याच्या खालीच असतो. पाय दाबावा, क्षणभर काहीच होऊ नये, मग सगळे एकदम यावे, आणि तोवर पुढच्याने ब्रेक लावलेला असावा, असा तो अनुभव होता. ज्यांचा रस्ता मोकळा आहे त्यांना टर्बो नक्की आवडेल. डिझेलचा विचार मी केलाच नाही. जवळच्या फेऱ्यांत एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करण्याइतका तापत नाही आणि हळूहळू तुंबतो, हे त्यामागचे कारण. विजेची लहान गाडी चालवायला या गाडीपेक्षाही चपळ वाटली, परंतु जिथे गाडी रात्री उभी राहते तिथे चार्जिंगची सोय नसल्याने तो विषय तिथेच थांबला.

मायलेजचे गणित टाकी पूर्ण भरून आणि किलोमीटर लिहून ठेवून करते. पडद्यावरचा आकडा माझ्या गाडीत नेहमी थोडा जास्तच दिसतो. गर्दीत लिटरला चौदा-पंधरा आणि मोकळ्या रस्त्यावर वीसच्या आसपास मिळतात. थांबत-निघत चालवताना प्रत्येक वेळी गाडीला वेग देण्यात जी ऊर्जा खर्च होते ती ब्रेक लावताच उष्णता होऊन वाया जाते, आणि ती थेट वजनाच्या प्रमाणात असते. माझ्या गाडीऐवजी तेराशे किलोची गाडी असती, तर प्रत्येक सिग्नलवरून निघताना आताच्यापेक्षा एक तृतीयांशाहूनही जास्त वाढीव ऊर्जा लागली असती. ब्रेक पॅड आणि टायर यांची झीजही याच हिशोबाने चालते. आणखी एक सवय इथे सांगण्यासारखी आहे. सिग्नल दिसताच गाडी न्यूट्रल करून सोडणारे बरेच असतात, पण गिअरमध्ये राहून नुसता पाय उचलला तर आजची इंजिने इंधनाचा पुरवठाच बंद करतात, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल लागतेच. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना एक्सलरेटरला हलकी थाप देऊन आरपीएम जुळवावेत आणि गाडीने एकही हिसका न देता वेग कमी करावा, यात जी गंमत आहे ती पेट्रोल वाचवतच मिळते.

क्लचबद्दल मात्र प्रामाणिकपणे लिहायला हवे. तो हलका आहे, पण पॅडल बरेच वर आल्यावर पकडतो, आणि रांगत चालणाऱ्या गर्दीत अर्ध्या तासानंतर डावी पिंडरी त्याची जाणीव करून देते. ज्यांचा सगळा रस्ता असाच आहे त्यांनी ऑटोमॅटिक घ्यावी, हे मी कसलाही कमीपणा न मानता सांगते. त्यातही एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्राने चालणारा) गिअर बदलताना डुलकी लागल्यासारखी मान पुढे टाकते, तर सीव्हीटी (ठरावीक टप्प्यांचे गिअर नसलेला ऑटोमॅटिक) गर्दीत अतिशय गुळगुळीत चालते, फक्त जोरात पाय दाबला की आवाज आधी आणि वेग मागून येतो.

सर्वाधिक विचार टायरवर करावा, असे माझे मत आहे. या गाडीच्या वरच्या श्रेणीत १६ इंची चाके मिळत होती आणि ती दिसायलाही देखणी होती. मी १५ इंचीवरच थांबले. १८५/६५ आर१५ आणि १९५/५५ आर१६ या दोन्ही टायरांचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, म्हणजे ६२१ मिलिमीटरच्या आसपास भरतो, पण रबराच्या भिंतीची उंची पहिल्यात १२० आणि दुसऱ्यात १०७ मिलिमीटर असते. तेरा मिलिमीटरचा हा फरक खड्ड्याच्या कडेवर कळतो. हलक्या आणि आखूड गाडीत खड्डा तसाही जास्त जाणवतो, कारण पुढची चाके वर येतात न येतात तोच मागची खाली जातात; तिथे टायर जेवढा धक्का पचवेल तेवढा पाठीला कमी. वळणावर १६ इंची गाडी अधिक नेमकी वाटली, हेही खरे. पण रोजच्या मार्गावर अशी वळणे किती, हे ज्याचे त्याने पाहावे. हवा महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना तपासते. ती कमी झाली की आधी स्टिअरिंग जडशीळ होते आणि मागोमाग मायलेज उतरते.

तक्रारीही आहेत. शंभरच्या वेगाला पाचव्या गिअरमध्ये इंजिन तीन हजारांवर फिरते आणि टायरचा आवाज गप्पांच्या वर जातो, त्यामुळे लांबच्या प्रवासाला ही गाडी मी आनंदाने काढत नाही. एसीचा पंखा कमी करायला पडद्यावर दोनदा बोट लावावे लागते, हा चालू गाडीत निव्वळ वेडेपणा आहे. पावसात उजवीकडे वळताना पुढच्या काचेशेजारचा जाड खांब पायी चालणाऱ्याला पूर्ण झाकू शकतो. माझी उंची बेताची असल्याने आसन एक टप्पा वर घेऊन आणि मान थोडी पुढे काढून तो प्रश्न निम्मा सुटला. डॅशबोर्डमधून दोन हजार आरपीएमला येणारी बारीक खरखर सर्व्हिसिंगला दाखवूनही गेली नाही. शेवटी ती ग्लोव्ह बॉक्सच्या, म्हणजे डॅशबोर्डमधल्या कप्प्याच्या, झाकणाची निघाली आणि कडेला फेल्टची पट्टी चिकटवल्यावर थांबली.

सुरक्षेच्या बाबतीत हलकेपणाचा फायदा संपतो, हे लपवण्यात अर्थ नाही. जड गाडीशी टक्कर झाली तर हलक्या गाडीच्या वेगात अधिक मोठा बदल होतो आणि आतल्या माणसांना अधिक झटका बसतो. भौतिकशास्त्रापुढे कोणाचेच चालत नाही. म्हणून इतर बाबतींत कितीही काटकसर केली तरी सहा एअरबॅग आणि ईएससी, म्हणजे घसरताना एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून गाडी सावरणारी यंत्रणा, यांवर तडजोड करू नये. युरोपीय संघात नव्या गाड्यांना ती २०१४ पासून सक्तीची आहे. क्रॅश टेस्टचे तारे पाहताना चाचणी कोणत्या वर्षीच्या नियमांनी झाली हेही पाहावे, कारण नियम कडक होत गेले आहेत.

रोजची फेरी जवळची असेल तर इंजिन ऑइल किलोमीटर पुरे होण्याची वाट न पाहता मुदतीप्रमाणे बदलावे. इंजिन थंड ठेवणारे पाणी लवकर तापते, ऑइलला त्याहून बराच वेळ लागतो, आणि ते पुरेसे तापले नाही तर त्यात उतरलेले पेट्रोल आणि ओलावा उडून जात नाही.

चाचणीसाठी गाडी मागाल तेव्हा रिकाम्या दुपारी जाऊ नका. कामाच्या वेळी, एसी लावून, शक्य असेल तर मागे दोन माणसे बसवून चालवा. चढावर थांबवून पुन्हा निघा, अरुंद जागेत रिव्हर्स घ्या, आणि दुसऱ्या गिअरमध्ये वीसच्या वेगावरून पाय पूर्ण दाबून पाहा.